नकाशावरची दोन अक्षरं

"तीस वर्सं पोरांना भूगोल शिकिवला हिनं! त्यातली किती घरला पोचली आन् किती अजून वाट हुडकत्यात, त्याचा तपास करा कुणीतरी!"

हे ओरडत होत्या माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना आक्का म्हणते. जागा दापोलीच्या बाजूची एक खाडी. आक्का घोट्याच्या वर चिखलात उभ्या, उजवा बूट डाव्या हातात, डावा बूट उजव्या हातात. त्यांचा आवाज आमच्या लासुर्ण्याच्या रानातून सुटला की शेळगावची कुत्री उठून बसतात. त्या दिवशी खाडीतले खेकडे आडवं चालायचं विसरून नाकासमोर चालू लागले, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. भोवती आमच्या नऊ मैत्रिणी होत्या. आठजणी हसत होत्या. नववी, म्हणजे आमच्यातली निवृत्त नर्सबाई, दोन्ही गुडघे बदललेली, ती तेवढी खाली बसून माझ्या सलवारीला चिकटलेल्या काटेरी बिया काढत होती. भूगोल शिकवलेली ती 'ही' म्हणजे मी.

आम्ही अकराजणी रोज पहाटे कालव्याच्या भरावावरून चालतो. चालून चालून कालव्याच्या पाण्याला आमचा कंटाळा आला, म्हणून वर्षातून एकदा मिनीबस करून समुद्राकाठी चालायला जायचं ठरलं. त्या पहिल्या वर्षी नकाशा मी निवडला होता. चूक माझी होती. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढं मी काय काय सांगेन त्यावर तुमचा विश्वास बसेल.

नकाशा मराठीत होता, अख्ख्या जिल्ह्याचा, नीटनेटका. त्यात आमच्या वाटेवर खाडी आडवी आली होती, आणि या काठापासून त्या काठापर्यंत एक तुटक रेघ गेली होती. आमच्या मुलखात पाण्यावरून तुटक रेघ गेली म्हणजे बंधारा. त्यावरून माणूस जातं, म्हैस जाते, उसाची बैलगाडीसुद्धा गेलेली मी पाहिलीय. रेघेशेजारी दोन अक्षरं छापली होती, 'तर'. मला वाटलं, कुठल्या तरवडी गावाचं नाव असेल, पुढची अक्षरं घडीत झिजली असतील.

खाडीपाशी पोचलो. बंधारा नव्हता. जाळं विणत बसलेला एक म्हातारा होता. त्याला मी विचारलं, पलीकडं जायची वाट कुठाय.

"तर बंद झाली," म्हातारा म्हणाला.

"काय बंद झाली?"

"तर."

"तर काय?"

"तर बंद झाली, बाई."

असं आमचं बराच वेळ चाललं. शेवटी त्याला माझी दया आली आणि त्यानं हातानं वल्हं मारून दाखवलं. कोकणात माणसं खाडीपार नेणाऱ्या होडीला तर म्हणतात. वर नऊ किलोमीटरवर पूल झाल्यापासून ती बंद होती. नकाशाच्या सूचीत हे सगळं छापलेलं होतं. पण नकाशा पिशवीत मावेना म्हणून बारामतीच्या लॅमिनेशनवाल्यानं खालची पट्टी कापून टाकली होती. बरं, त्यानं आपल्या मनानं कापली नव्हती. मीच म्हणाले होते, काप. 'नकाशा वाचताना प्रथम सूची वाचावी' हे वाक्य तीस वर्षं फळ्यावर लिहिलेल्या बाईनं.

आक्का ओरडल्या त्या यावर. आणि एवढ्यात खाडीचं पाणी चढायला लागलं. आता आक्का म्हणजे पाण्याच्या पाळीची राणी. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की खोरं घेऊन चारीवर, म्हणजे रानात पाणी नेणाऱ्या पाटावर, बसणार, आणि आमच्या पाळीतलं एक मिनिट कुणी खाल्लं की पाटकऱ्याच्या सात पिढ्या काढणार. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारा माणूस. आमच्या भागातले तीन पाटकरी आक्कांमुळं बदली मागून गेले. अशा या आक्का त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या, "ह्ये पाणी कोण सोडतंय मगापास्नं? तुमचा पाटकरी कुठं हाय? फोन लावा त्याला."

म्हातारा जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, "चंद्र सोडतो."

एवढं मोठं वाक्य! पण ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. ध्यानात राहिली माझी दोन अक्षरं. नऊ किलोमीटर वर चालून, पूल ओलांडून, नऊ किलोमीटर खाली आलो तेव्हा पलीकडच्या घरगुती खानावळीत आमच्यासाठी तळलेली सुरमई दुसऱ्या लोकांनी खाऊन हात धुतले होते. आम्हाला सोलकढी आणि भात मिळाला. पहिला घास घेताना आक्का म्हणाल्या, "तर..." आणि थांबल्या. आठजणी लोळल्या.

तुम्ही मराठीत त्या अक्षरांशिवाय एक दिवस बोलून बघा, मग माझं वर्ष कसं गेलं ते कळेल. पहाटे कालव्यावर कुणी म्हणालं, "पाऊस आला तर?" की अकरापैकी नऊ खोकल्या. मी 'नंतर' म्हणाले की खोकला. 'उत्तर' म्हणाले की खोकला. एमआयडीसीतल्या डेअरीवर दूध घालायला गेले, तिथला माणूस विचारतो, "बाई, होडी कुठं लावली?" म्हणजे तिथपर्यंत पोचवलं होतं आक्कांनी. माझ्या सेवापूर्तीच्या समारंभात मुख्याध्यापक माइकवर म्हणाले, "तर मंडळी," आणि पाहुण्यांच्या रांगेत बसलेल्या आक्कांनी पदर तोंडात कोंबला. तीस वर्षांची नोकरी, शाल, श्रीफळ, सगळं त्या पदरात गेलं.

मी तो शब्द टाकून दिला. हे लिहितानाही बघा, त्या खाडीनंतर तो सुट्टा शब्द माझ्या स्वतःच्या तोंडून एकदाही आलेला तुम्हाला सापडणार नाही. आणि ठरवलं, की आक्कांच्या तोंडून, सगळ्यांच्या देखत, एकच वाक्य काढायचं: नकाशा तुझा बरोबर. मग पुढं मला कुणी काहीही म्हणो.

म्हणून मी नकाशे जमवायला लागले. लोक सुनेसाठी दागिने बघतात तसे मी नकाशे बघत होते. लॅमिनेशनवाला माझा जुना विद्यार्थी, आता दाढी पिकलेला. रमजान चालू होता. स्वतः घोटभर पाणी न पिता त्यानं मला चहा मागवला आणि दुकानाच्या फरशीवर सगळा पसारा मांडू दिला. रस्त्यांचा नकाशा पहिल्या दिवशीच बाद केला, कारण त्याला पेट्रोल पंप सोडून जगात काही दिसत नाही. पर्यटनाच्या नकाशावर जिथं तिथं नारळाची चित्रं, आणि एकेक नारळ दीड गाव झाकणारा. शाळेतला भिंतीवरचा नकाशा मागून आणला होता. त्यात अख्खा किनारा माझ्या करंगळीएवढा. पायी चालणाऱ्या माणसाला लागतो तो पन्नास हजारास एक प्रमाणाचा, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. त्यात विहीर दिसते, देऊळ दिसतं, पायवाट दिसते, आणि मुख्य म्हणजे समोच्च रेषा दिसतात. रेषा दाट म्हणजे कडा, विरळ म्हणजे चढता येईल असा उतार. हे मी हजारो पोरांना शिकवलं होतं. उपयोग पहिल्यांदा होत होता.

तो नकाशा मी सूचीसकट, चारी कडांसकट छापून घेतला. मग त्यानं संगणकावरून त्याच भागाचा उपग्रहाचा फोटो मोठा करून दिला. एका डोंगराचं नाक समुद्रात घुसलं होतं, अलीकडं एक गाव, पलीकडं दुसरं. फोटोत त्या नाकाच्या पायथ्यानं वाळूचा चांगला रुंद पट्टा होता, कालव्याच्या भरावासारखा. पन्नास हजारी नकाशात तिथं वाळू जेमतेम केसाएवढी. असं का, म्हणून मी भिंग लावलं. फोटोत कडेला मासेमारीच्या होड्या दिसत होत्या. सगळ्या कुशीवर कलंडलेल्या, खाली पाणी नाही. फोटो ओहोटीचा होता. फोनवरचा नकाशा हाच फोटो दाखवतो. फोनच्या मते तिथं बारा महिने चोवीस तास वाळू आहे.

मी हसले असेन. लॅमिनेशनवाला म्हणाला, "बाई, कुणाच्या लग्नाची जागा बघताय का मयताची?"

मी म्हटलं, आंघोळीची.

कारण तोवर आक्कांनी जाहीर केलं होतं की यंदा वाट त्या दाखवणार. लेकानं नवा फोन दिला होता. रोज पहाटे कालव्यावर तो फोन पुढं धरून चालायच्या, जणू आम्ही तिथं हरवणार होतो. "ह्यो निळा ठिपका म्हंजी आपुन," सगळ्यांना सांगायच्या. "ठिपका जाईल तिकडं आपुन जायाचं. कागुद बिगुद लागत न्हाय." आणि माझ्याकडं बघून, "न्हायतर हाय की ती वाट, होडीची."

मी दर रविवारी त्या खानावळीच्या बाईंना फोन लावू लागले. सोलकढीत किती आमसुलं घालू असं विचारायचं आणि जाता जाता भरतीची वेळ विचारून घ्यायची. शाळेत भरती यायची ती 'शास्त्रीय कारणे द्या' या प्रश्नात, दोन गुणांना. तिची वेळ कधी कुणी विचारली नव्हती. बाई म्हणाल्या, पौर्णिमा-अवसेला दुपारी बाराच्या सुमारास पाणी पुरतं चढतं, मग रोज पाऊण-एक तास पुढं सरकतं. त्या नाकाच्या पायथ्याशी एक दगडी ओटा आहे, त्याच्या दोन्ही बाजूंची वाळू तेव्हा बंद होते. ओट्यावर कुणी अडकलं, मी विचारलं, काय होईल? काही होत नाही, आमचे म्हातारे मुद्दाम भरतीला तिथं गळ टाकून बसतात, फार फार गुडघाभर लाट येते, असं त्या म्हणाल्या. मी तीनदा विचारून घेतलं. मला आक्कांना बुडवायचं नव्हतं. भिजवायचं होतं.

राहिली तारीख. ती मी सुचवली, पौष पौर्णिमा. आमच्या बौद्ध घरात पौर्णिमेला नाही म्हणणारं कुणी जन्मलेलं नाही, आणि आक्का विहारात पहिल्या रांगेत बसणाऱ्या. लगेच म्हणाल्या, चांगला दिवस हाय. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

त्या सकाळी खानावळीच्या ओटीवर आम्ही दोघी जावा पांढऱ्या साड्या नेसून शेजारी शेजारी बसलो आणि समुद्राकडं तोंड करून पंचशील म्हटलं. माझा आवाज जरा जास्तच गोड लागला होता. पाचही शीलं मी मनात तपासून पाहिली. त्यात जावेला भिजवू नये असं कुठं नाही. चौथं खोटं न बोलण्याचं आहे. मी बोलणारच नव्हते.

मग कपडे बदलले, बूट घातले आणि चालायला लागलो. दहाच्या पुढं त्या नाकाशी आलो. दोन वाटा होत्या. डावीकडं वाळू, अजून आठ-दहा हात रुंद, ओली, गार. उजवीकडं डोंगरावर चढणारी पायवाट, करवंदीच्या जाळीतून, उन्हाची. आक्कांनी फोन वर धरला. ठिपक्यानं वाळू दाखवली. मी माझा नकाशा उघडला आणि एवढंच म्हणाले की मी वरून येते.

"या सावकाश," आक्का म्हणाल्या. "वर एकांदी होडी गावली तर बसून या."

आठजणी हसत त्यांच्यामागं गेल्या. नर्सबाईंनी मागं वळून पाहिलं, वरचा चढ बघून स्वतःच्या गुडघ्यांवर हात ठेवला आणि वाळूनंच गेल्या. ते मला खटकायला हवं होतं. नाही खटकलं.

मी चढले. नकाशात जिथं विहीर होती तिथं विहीर, जिथं वाट वळत होती तिथं वळण, एक पाऊल इकडं की तिकडं नाही. मला त्या कागदाचा मुका घ्यावासा वाटला, आणि घेतला. वरच्या कड्यावर सावलीचा खडक बघून बसले. खाली समुद्र हत्तीसारखा पुढं सरकत होता. माझी दहा माणसं वाळूवरून मुंगीसारखी ओट्यापाशी पोचली, पुढची वाळू नाही बघून थांबली, मागं वळली, मागची वाळू नाही बघून पुन्हा थांबली. मग एकेक करत ओट्यावर चढली. आक्का फोन कधी पुढं धरत होत्या, कधी आडवा. ठिपका समुद्रात गेला असणार.

माझ्या पिशवीत भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी होती, अकराजणींची. सकाळी ओझं वाहायला कुणी तयार नव्हतं म्हणून मी घेतलं होतं. मी भाकरी काढली. कड्याच्या अगदी टोकाशी बसले, खालून नीट दिसेल अशी, आणि सावकाश खाल्ली. तसली भाकरी मी पुन्हा खाल्लेली नाही. एकेक घास तीन कोस लांब लागत होता. पहिली लाट ओट्यावर आली, दहाजणींचे बूट भिजले, आणि आक्कांचा आवाज वर आला. शब्द कळले नाहीत, पण समुद्र जरा दबकला.

वर्षभर जपून ठेवलेलं वाक्य मी दोन्ही हातांचा कर्णा करून खाली सोडलं. "आक्का, पाटकऱ्याला फोन लावा!"

ओट्यावरच्या चौघी हसल्या. मोजून चौघी. वर्षात पहिल्यांदा माझ्या बाजूनं.

आता खरी गोष्ट सांगते. ओट्याच्या मागं, खडकाच्या आड, वर यायची वाट होती. माझ्या नकाशात समोच्च रेषा सगळीकडं एकमेकींना चिकटलेल्या, पण त्या एका जागी सैल पडल्या होत्या आणि मधून बारीक तुटक रेघ चढली होती. खानावळीच्या बाईंनीही सांगितलं होतं, म्हातारे तिथूनच उतरतात, दगडात पायऱ्या आहेत. खालून दिसत नाहीत. ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. मी ठरवलं होतं की दोन तास सांगायचं नाही. आक्कांनी खालून हात जोडेपर्यंत नाही.

अर्धा तास झाला असेल. दुसरी भाकरी काढली आणि खाली पाहिलं. सगळ्या उभ्या होत्या. नर्सबाईंना उभं राहवत नव्हतं आणि ओल्या दगडावर बसताही येत नव्हतं. पाण्याचा लोट आला की त्या शेजारणीच्या खांद्याला धरायच्या. ती शेजारीण आक्का होत्या. आक्कांनी फोन कधीच पोलक्यात खुपसला होता आणि दोन्ही हातांनी त्या बाईला कमरेत धरून पाठ समुद्राकडं केली होती. लाट आक्कांच्या पाठीवर फुटत होती. वर्षभरात एकदाही न खोकलेली बाई मी तिथं उभी करून ठेवली होती, आणि वर बसून चटणी खात होते.

राग आला. आक्कांचाच आला. भिजतानासुद्धा माझ्यावर कुरघोडी करत होत्या.

मी ओरडले, खडकाच्या मागं बघा, डाव्या हाताला, पायऱ्या आहेत. तीनदा ओरडले. मग भाकरी टाकून खाली उतरले, नकाशा दातात धरून, कारण दोन्ही हात लागत होते. अर्ध्या वाटेवर नर्सबाईंचा हात धरला. एकेक करत सगळ्या वर आल्या, सावलीत बसल्या, पिशवी उघडून भाकरीवर तुटून पडल्या.  सगळ्यांत शेवटी आक्का आल्या. पाठभर भिजलेल्या, बुटात अर्धा समुद्र.

नर्सबाई ओट्यावरून सुखरूप वर आल्या, तुम्ही म्हणाल, मी तेवढ्यावर समाधान मानायला हवं होतं. मी नाही मानलं. एक वर्ष होतं माझं त्यात. नकाशा खडकावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, खालची सूची मोकळी सोडली. ओट्याच्या जागेवर बोट ठेवलं, तिथून वर येणाऱ्या तुटक रेघेवर ठेवलं. सगळ्याजणी खायच्या थांबल्या. मी म्हटलं, "आक्का, ह्यांच्या देखत सांगा. कुणाचा नकाशा बरोबर?"

आक्कांनी वाकून नकाशा पाहिला. खरंच पाहिला, रेघेवरून बोट फिरवत, चारीतलं पाणी कुठवर आलं ते बघतात तसा. मग खाली बसून त्यांनी एक बूट काढला, उपडा करून त्यातलं पाणी ओतलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

"तुजा हाय बरोबर. तर?"